विद्याश्रीच्या फेऱ्या

नव्या कराराचा पहिला पगार झाला त्या दिवशी श्रुती विमानतळावरून तडक निशाच्या घरी आली. गणवेशाचा स्कार्फ गळ्यातून ओढून काढून तिने खुर्चीवर फेकला.

"निशाताई, हे काय हाय सांग मला. गेल्या म्हैन्यापेक्षा लई जास्त उडालो मी. पाय बघ सुजलेत. आन पगार हाय तेवढाच?"

तिच्या मागोमाग इचलकरंजीच्या दोघीही आल्या. त्या नेहमी एकत्रच असायच्या, एकीच्या मोपेडवर दुसरी. त्यांचंही तेच म्हणणं होतं.

२००७ साल होतं. उजळाईवाडीच्या विमानतळावर एका लहानशा कंपनीने पंख्याची दोन विमानं आणून ठेवली होती. सकाळ-संध्याकाळ ती मुंबई आणि बंगळूरला जात. बाहेरच्या मुली आणल्या तर त्यांना हॉटेलात ठेवावं लागतं, म्हणून कंपनीने आसपासच्याच पाच मुली हवाई सुंदरी म्हणून घेतल्या होत्या. विमानात त्या घोटीव इंग्रजीत सूचना द्यायच्या आणि खाली उतरल्या की कोल्हापूरच्या बाईसारखं 'मी येतो, मी जातो' बोलायच्या. निशा कांबळे त्यांच्यातली थोरली. मुंबईत दुसऱ्या कंपनीत काही वर्षं उडून ती आईवडिलांसाठी कोल्हापुरात विचारेमाळावर परत आली होती. युनियनने तिला इथली प्रतिनिधी केलं होतं. करार झाला तेव्हा मुंबईला ती स्वतः वाटाघाटीच्या खोलीत बसली होती. बाकीच्या मुलींनी मात्र न वाचताच सह्या केल्या होत्या. इंग्रजी सगळ्यांना येत होतं, पण तसलं इंग्रजी कुणाला येत नव्हतं.

निशाचे वडील, आण्णा, जन्मभर सूतगिरणीच्या युनियनमध्ये वावरलेले. 'माणसाला आपला पगार कळला की तो मालकाच्या नरड्याला हात घालतो,' हे वाक्य ऐकत निशा वाढली होती. तिला मुलींना समजावून सांगायला आवडायचं. खरं सांगायचं तर, आपल्याला कळतं आणि बाकीच्यांना कळत नाही, हेही आवडायचं.

"बसा," ती म्हणाली. "नीट सांगतो. पगाराचे भाग दोन. एक ठरलेला, तो घरी बसलात तरी मिळतो, पण त्यात दूधवाल्याचं बिल भागंल एवढंच. दुसरा उडण्याचा. तो रिक्षाच्या मीटरसारखा. चाक हललं की मीटर पडला, चाक थांबलं की बंद. दार लावायच्या आधी तुम्ही पाशिंजरांच्या पिशव्या वर चढवता, पोरांचं रडं काढता, उतरल्यावर शिटा झाडता, त्याचं काही न्हाई."

"ते म्हाईत हाय की आमाला," श्रुती म्हणाली. "मीटर तर जास्त पडलाय म्हनतो मी."

"सांगतो. विद्याश्रीचा कान गेलाय."

विद्याश्री ही पाचवी. कागलच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावची. तिचे वडील बसाप्पा यांचं तिथे बी-खतांचं दुकान होतं. पोरगी विमानात लोकांना चहा द्यायला जाणार म्हटल्यावर त्यांनी तिच्याशी बोलणं सोडलं होतं. ती राजारामपुरीत खोली घेऊन राहायची आणि सुट्टीच्या दिवशी जेवायला निशाकडे यायची. गेल्या महिन्यात तिला सर्दी झाली होती. उडालं नाही तर पैसे नाहीत म्हणून ती तशीच उडाली. विमान खाली येताना कानात दडा बसला, तो सुटला नाही, आणि पडदा फाटला. गणवेशाच्या कॉलरवर रक्त आलं. निशानेच तिला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी बजावलं होतं, पडदा भरून येईपर्यंत विमानात पाऊल ठेवायचं नाही, नाहीतर कान कायमचा जाईल. म्हणून विद्याश्री आता खाली, कौंटरवर बसून पाशिंजरांच्या पेट्यांना पट्ट्या लावत होती.

"कामावर असताना दुखापत झाली तर नव्या करारात सहा म्हैने पूर्ण पगार हाय," निशा सांगू लागली. "घरी बसल्याचा न्हाई, उडत असल्यासारखा. आधी हे नव्हतं. लई भांडून मिळवलंय युनियननं."

"मिळू दे की तिला. आमचा काय संबंध?"

इथे निशा थांबली असती तर चाललं असतं. करार गुंतागुंतीचा आहे, पुढच्या महिन्यात बघू, एवढं म्हटलं असतं तरी पोरी चहा पिऊन गेल्या असत्या. पण विचारलं तर सांगायचं, हे तिच्या हाडात होतं.

"कंपनी जादा पैसे द्यायला तयार झाली न्हाई. इथल्या विमानतळाला उडण्याचे जेवढे पैसे येतात तेवढ्यातच भागवा म्हणाली. मग युनियननं मान्य केलं. विद्याश्रीच्या फेऱ्या आपण चौघींनी वाटून घ्यायच्या आणि त्या फेऱ्यांचे पैसे तिला जाणार. उद्या तुमच्यातल्या कुणाला काय झालं तर तिच्यासाठीही तसंच. एकमेकींना सांभाळायचं, असा त्याचा अर्थ."

निशाची आई शेवंताबाई चहा घेऊन आली होती. कुणी कप उचलला नाही.

"म्हंजे तिच्या फेऱ्या मारून पाय माझे सुजायचे," श्रुती सावकाश म्हणाली, "आन पैसे तिनं घ्यायचे."

"तसं म्हणू नको. करार असा हाय की..."

"कळला की करार. पयल्यांदाच कळला. लई चांगलं समजावलंस तू."

इचलकरंजीच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आण्णा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पोरी निघाल्यावर ते समाधानाने म्हणाले, "कळलं न्हवं पोरींस्नी? आता बघ कशा भांडत्यात."

भांडण सुरू झालंच. पण मालकाचं नरडं मुंबईत होतं आणि विद्याश्रीचं कौंटरवर.

आधी त्यांनी तिला डब्यातून काढलं. पाचहीजणी मिळून खायच्या, ते बंद झालं. ती आली की तिघी उठून जायच्या. मग तिला नाव पडलं, 'बिनकामी फुलपगारी'. ते सामान चढवणाऱ्या हमालांपर्यंत गेलं, आणि तेही पेटी उचलताना म्हणू लागले, "काय फुलपगारी, झाली का झोप?" विद्याश्री हसायची. तिला वाटायचं, हसलं की संपेल.

एका सकाळी मुंबईचं विमान सुटायच्या आधी विद्याश्री पाठमोरी बसून पट्ट्या फाडत होती. श्रुतीने विमानातली उलटीची कागदी पिशवी घेतली, फुगवली, दबक्या पावलांनी तिच्या दुखऱ्या कानामागे गेली आणि फाडकन फोडली. विद्याश्री किंचाळून खुर्चीवरून पडली. पट्ट्या सगळीकडे उडाल्या. रांगेतले पाशिंजर दचकले, मग काहीजण हसले.

"बघा! ऐकू येतंय की!" श्रुती ओरडली. "भैरी म्हनं!"

निशा धावत आली. तिने विद्याश्रीला उठवलं.

"लाज न्हाई वाटत? ऐकू येत न्हाई असं कोण म्हणालंय? तिचा कान वरचा दाब सोसणार न्हाई. दुसरा कान तर चांगलाच हाय."

"दाब आमाला बी येतोय निशाताई. गोळी चघळतो आन गप उडतो."

दुसऱ्या दिवशी विद्याश्री तिघींकडे गेली. गणवेश बदलायच्या खोलीत त्या केस बांधत होत्या. ती दारातच उभी राहिली.

"मला पैसे नकोत," ती म्हणाली. "उडण्याचे जे येतील ते मी तुमास्नी वाटतो. खोलीभाड्यापुरतं ठेवतो फक्त. पण असं करू नका गं."

इचलकरंजीची धाकटी विरघळली होती. तिने काही बोलायला तोंड उघडलंही. पण श्रुतीने आरशातूनच विचारलं, "भीक घालतीस व्हय आमाला? आमचेच पैसे?"

धाकटीने तोंड मिटलं आणि केसांत पिन खोचली.

त्याच आठवड्यात तिघी मिळून पृथ्वीराजच्या केबिनमध्ये गेल्या. पृथ्वीराज हा इथला मॅनेजर. वय तिशीचं, गोड बोलायचा, मुलींना 'मॅडम' म्हणायचा. कराराने त्याचे हात बांधले होते, याचा राग त्याने कधी दाखवला नव्हता. तिघींनी सांगितलं, विद्याश्री नाटक करते, तिला स्वच्छ ऐकू येतं, आम्ही बघितलंय. त्याने त्यांना चहा पाजला आणि मुंबईला फोन लावला.

कंपनीचा डॉक्टर सकाळच्या विमानाने आला. पृथ्वीराजच्या केबिनमध्येच त्याने विद्याश्रीच्या कानात बॅटरीचा उजेड टाकला, मान एकीकडे वळवली, दुसरीकडे वळवली, "भरत आलाय," म्हणाला, आणि तेच विमान परत निघालं त्याने निघून गेला. संध्याकाळी फलकावर विद्याश्रीचं नाव उडणाऱ्यांत लागलं.

निशा पृथ्वीराजपुढे जाऊन उभी राहिली.

"कानाच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय. तिला वर पाठवता येणार नाही."

"मॅडम, मी काय करू? फेरतपासणीचा अधिकार करारातच आहे. तुमच्यासमोरच सही झाली की." तो खरंच वाईट वाटल्यासारखा बोलत होता. "आणि तक्रार कंपनीने केलेली नाही. तुमच्याच मुलींनी केली."

तिने मुंबईला युनियनच्या सेक्रेटरीला फोन केला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "निशा, तिघी एकीकडे आहेत. तिघी सभासद आहेत, वर्गणी भरतात. मी कुणाच्या विरोधात पत्र काढू? त्यांना ते कलम माहीतच नव्हतं, तोवर ठीक चाललं होतं. सांगायचं काय पडलं होतं तुला?"

निशाने फोन ठेवला आणि राजारामपुरीत विद्याश्रीच्या खोलीवर गेली. विद्याश्री गणवेशाला इस्त्री करत होती.

"जाऊ नकोस," निशा म्हणाली. "मी लढतो. महिनाभर लागंल, पण लढतो."

"न्हाई गेलो तर गैरहजर लावणार. पृथ्वीराज सरांनी सांगितलंय." तिने कॉलर उलटी करून इस्त्री फिरवली. "मग नोकरी गेली की गावाकडं. अप्पा वाटच बघत बसल्यात. वीरेश म्हणून एकजण हाय, औषध फवारणीचं दुकान हाय त्याचं निपाणीला. अप्पांनी त्याला जवळजवळ हो म्हटलंय. मी गेलो की झालं."

"कान जाईल गं."

"गेला तर एकच जाईल," विद्याश्री म्हणाली आणि इस्त्रीची वायर काढली.

पहिली फेरी संध्याकाळची होती, मुंबईहून परतीची, आणि सोबत श्रुती. विमान वर गेलं तोवर काही झालं नाही. विद्याश्रीने पाणी वाटलं, लिंबाच्या गोळ्या वाटल्या, स्वतः दोन तोंडात टाकल्या. खाली ऊस दिसू लागला, गुऱ्हाळांचा धूर दिसू लागला आणि विमान उतरायला लागलं. तिने नाक दाबून फुंकलं, आवंढे गिळले. मराठीतली सूचना तिने अर्धीच दिली. 'खुर्चीची पाठ सरळ' इथपर्यंत आली आणि तिने माइक जागेवर ठेवला. मग पुढच्या आसनावर बसून तिने पट्टा लावला आणि तळहात कानावर दाबून धरला.

श्रुती मागच्या टोकाला बसली होती. तिला सगळं दिसत होतं. आधी तिला वाटलं, सुरू झालं हिचं. मग बोटांच्या फटीतून काहीतरी तांबडं ओघळून कॉलरवर उतरताना तिने पाहिलं. ती अर्धवट उठली. आणि परत बसली. वैमानिकाला कळवलं की ते लिहिलं जाणार, लिहिलं गेलं की पुन्हा कामावरची दुखापत, आणि पुन्हा सहा महिने या बयेच्या फेऱ्या. एवढं सगळं विमानाची चाकं टेकायच्या आत तिच्या डोक्यात बसलं. पगार तिला आता पक्का समजला होता.

विमान थांबल्यावर ती भराभर पुढे आली. पाशिंजर उठायच्या आत तिने ओल्या कागदाने विद्याश्रीची मान पुसली, हलक्या हाताने, कानामागे, केसांखाली. स्कार्फ सोडून वर ओढून बांधला. बांधता बांधता तिच्या त्याच कानाशी लागून म्हणाली, "कुणापाशी बोलू नकोस. बोललीस तर तूच खोटी पडशील. डॉक्टरनं फिट दिलंय तुला."

एक कान गेलेला, दुसऱ्यात दडा बसलेला; विद्याश्रीला त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. तिने फक्त तोंड हलताना बघितलं आणि मानेवरचा गार हात ओळखला. तिने श्रुतीचा हात धरला आणि घट्ट दाबला. मग दोघी दारात उभ्या राहिल्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करू लागल्या.

"श्रुतीनं पुसलं गं मला," दवाखान्यात जाताना रिक्षात ती निशाला सांगत होती, मोठ्याने, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी. "वाईट न्हाई ती. मनातनं वाईट न्हाई."

कानाच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि कापूस लावला. नंतर निशाला बाहेर बोलावून त्यांनी विचारलं, "हिला वर कुणी पाठवलं?"

तो कान परत येणार नव्हता. शिवाय चक्कर राहणार होती, मान वळवली की जमीन फिरणार. निशाने दुखापतीची नोंद करायला अर्ज टाकला. त्याला फेरीवरच्या सोबतिणीची साक्ष लागते. पृथ्वीराजने श्रुतीला बोलावलं. श्रुती निशाच्या समोरच म्हणाली, "मी काय बघितलं न्हाई. फेरी नीट झाली. पाशिंजरांस्नी नमस्कार केला की तिनं, इचारा कुणाला बी. कानात काडी घालायची सवय हाय तिला, ते मात्र बघितलंय."

"श्रुती," निशा म्हणाली, "तिनं तुझा हात धरला होता. तूच पुसलंस म्हणून कौतुक करत होती."

श्रुतीचा चेहरा क्षणभर ढिला पडला. मग ती म्हणाली, "तूच शिकवलंस न्हवं? कुणाचे पैसे कुणाला जात्यात ते? आता सांगून बसलीस तर बस."

कंपनीने लिहिलं, आजार जुना, कामाशी संबंध नाही. उडायला कायमची अपात्र, जमिनीवर जागा रिकामी नाही. विद्याश्रीने गणवेश, बॅग आणि पितळी पंखांचा बिल्ला परत केला. पृथ्वीराजने दारापर्यंत येऊन निरोप दिला. त्या वेळी तिघी मुंबईच्या फेरीसाठी समोरून चालत गेल्या. धाकटीने मान खाली घातली. बाकीच्या दोघींना तेवढीही गरज वाटली नाही.

पुढच्या महिन्यात पगार पूर्ण आला. विद्याश्रीच्या फेऱ्या आता खरोखर त्यांच्या झाल्या होत्या. युनियनच्या बैठकीला तिघींनी हात वर करून निशाला प्रतिनिधी म्हणून काढलं आणि श्रुतीला नेमलं. विद्याश्रीच्या जागी हातकणंगल्याहून एक नवी मुलगी आली. तिने विचारलं, पगार कसा असतो इथं? श्रुती केस बांधता बांधता म्हणाली, "आजारी पडायचं न्हाई. बास. एवढंच ध्यानात ठेव." निशा तिथेच बूट पुसत बसली होती. तिने वर बघितलं नाही.

दिवाळीनंतर ती विद्याश्रीच्या गावी गेली. एस.टी.तून उतरून तिने बसाप्पांचं दुकान विचारलं. घर मागेच होतं. विद्याश्रीची आई रत्नव्वा सोप्यात तांदूळ निवडत होती. निशाने नाव सांगितलं. रत्नव्वाने नाव ऐकलं, मग आडनाव विचारलं, आणि ऐकल्यावर सुपाकडे बघत म्हणाली, "तिथंच कट्ट्यावर बस की बाई. वारं हाय तिथं."

विद्याश्री भिंतीला हात लावत बाहेर आली. अंगाने भरली होती. कानावरून पदर घेतलेला.

"वीरेशशी ठरलं," ती म्हणाली. "म्हैन्याभरात लगीन. कानाचं सांगितलेलं न्हाई त्यास्नी. अप्पा म्हणत्यात, लग्नानंतर कळू दे."

"आणि चक्कर आली तर?"

"उपास हाय म्हणायचं."

निशा बोलायला लागली. वाटेत जे जुळवून आणलं होतं ते सगळं तिने सांगितलं. मुंबईत त्या खोलीत आपण कलमाला मान कशी हलवली, तेव्हा वाटलं होतं की पोरी एकमेकींसाठी करतील, कामगार कोर्टात अजून जाता येईल, वकील बघितलाय, आपण साक्ष देऊ, श्रुतीलाही उभं करू. विद्याश्री तिच्या ओठांकडे बघत होती.

"आपले पैसे कुठं जात्यात ते त्यांस्नी कळायला नको होतं का, विद्या?" शेवटी निशाने विचारलं.

"कळायलाच पायजे होतं," विद्याश्री म्हणाली. "मी बी विचारलंच असतं. आन मला बी राग आला असता तिचा. जिच्या फेऱ्या मारायच्या तिचा. मी पिशवी फोडली नसती, एवढंच. ते बी नक्की सांगता येत न्हाई."

आतून रत्नव्वाने कानडीत काहीतरी विचारलं. विद्याश्रीचा गेलेला कान त्या बाजूला होता, तिला ते ऐकू गेलं नाही. मग रत्नव्वाच उंबऱ्यापर्यंत आली आणि तिने लेकीच्या खांद्याला हात लावून परत विचारलं. विद्याश्रीने हातानेच नको म्हटलं. आई आत गेली.

"काय म्हणाल्या?"

"पत्रिका द्यायची का विचारत होती." विद्याश्रीने पदर सारखा केला. "निशाताई, तू लग्नाला येऊ नकोस. निपाणीचे पावणे लई चौकशा करत्यात. कोण, कुठली, कशी वळख. मग नोकरीचं निघतंय, कानाचं निघतंय. आन तुझं बी निघतंय."

"माझं काय?"

विद्याश्रीने रत्नव्वा गेली त्या दाराकडे बघितलं. वर्षभर ती विचारेमाळावर शेवंताबाईच्या ताटात ताट लावून जेवली होती.

"कोर्टाचं काय करू?" निशाने विचारलं.

"काय करू नकोस. समन्स आलं तर वीरेशच्या घरात येईल ते." विद्याश्री भिंतीला धरून उठली. "शेवटची गाडी जाईल तुझी. पाणी आणू?"

तिने पाणी आणलं. स्टीलचा तांब्या होता, आणि तिने तो कट्ट्यावर ठेवला, हातात दिला नाही. चक्कर येईल म्हणून ठेवला की कशासाठी, ते निशाला कळलं नाही आणि तिने विचारलंही नाही. ओंजळीने पाणी पिऊन ती रस्त्याला लागली.

सकाळी तिला बंगळूरची फेरी होती.